दिवाळसणाचें वाङ्मय

मराठी वाङ्मयांत सणांची वाण नाहीं. वाण आहे ती सणाच्या दिवशीं, भरल्या घरांत, एकमेकांजवळ असलेल्या नवराबायकोची. हें विधान प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. सुवासिनीवांचून ज्या समाजाचा एकही सण पुरा होत नाहीं, पत्नीनें पतीस ओवाळावें यासाठीं ज्यानें पाडव्याचा स्वतंत्र दिवस राखून ठेवला आहे, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस जांवयाला सन्मानानें बोलावून आणण्याची चाल जो अजूनही पाळतो, त्याच्या कवींना आणि कादंबरीकारांना हें दृश्य दिसलेंच नाहीं असें कसें म्हणावें? दिसलें असेल, पण त्यांनीं त्याकडे पाहिलें तें एकतर डोळे पुसत किंवा हंसत, आणि दोन्ही वेळां त्यांतलें एक माणूस नजरेआड करून. या तक्रारीचा खुलासा मी पुणें जिल्ह्यांतील बारामती आणि इंदापूर या दोन शेजारी तालुक्यांच्या आधारें करणार आहें. नीरा आणि भीमा यांच्या आसपासच्या या पट्ट्यांत पंडिती कवितेचें एक मोठें पीठ होऊन गेलें. ओवीचें पीठ तर घरोघरच्या जात्यांतून पडत होतें. आणि आजही दिवाळी जवळ आली म्हणजे येथल्या रस्त्यांवर जें दिसतें, त्याचा पत्ता आमच्या सणाच्या वाङ्मयास पुरता लागलेला नाहीं.

दिवाळीचे दिवस नात्यांच्या हिशेबानें वांटलेले आहेत. वसुबारसेला गाय आणि वासरूं, म्हणजे आई आणि लेकरूं, नरकचतुर्दशीच्या पहाटे आईच्या हातचें तेल-उटणें, लक्ष्मीपूजन सगळ्या घराचें, पाडवा नवराबायकोचा, आणि भाऊबीज बहीणभावांची. म्हणजे पंचांगानें दांपत्याला एक दिवस दिला आहे, आणि तोही भाऊबिजेच्या आदला, ज्या दिवशीं सासुरवाशिणीचें अर्धें चित्त वाटेकडे लागलेलें असतें. दिवाळसण ही या वांटणींत एका वर्षापुरती केलेली सवलत होय. त्या वर्षीं मुलीबरोबर जांवईही सासुरवाडीस येतो. त्याला पाटावर बसवून तेल लावतात, नवीं वस्त्रें देतात, ऐपतीप्रमाणें आणि पुष्कळदां ऐपतीबाहेर अंगठी, घड्याळ, मागाहून सायकल आणि त्याच्याही मागाहून मोटारसायकल देतात. पाडव्याला मुलगी त्याला आपल्या आईबापांच्या घरांत, आपल्या आईच्या देखत ओवाळते. आई, बाप, भाऊ, बहिणी आणि नवरा हीं सर्व माणसें एका स्त्रीभोंवतीं तिच्या जन्मघरीं सणासाठीं जमलीं आहेत, असा योग जुन्या रीतीप्रमाणें आयुष्यांतून एकदांच येई. त्या चार दिवसांत ती मुलगी कोणत्या आवाजांत बोलत असेल? आईशीं बोलावयाचा आवाज एक, नवऱ्याशीं बोलावयाचा दुसरा. दोघेही एकाच सोप्यांत बसले असतां ती कोणता आवाज काढते? नाटककारास याहून चांगला प्रवेश कोणी आयता लिहून द्यावा!

या प्रवेशाचें ओवीनें काय केलें तें प्रथम पाहूं. ओव्यांचे संग्रह आतां विपुल आहेत. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ मध्यें त्या गोळा केल्या. कमलाबाई देशपांडे यांचें ‘अपौरुषेय वाङ्मय’ १९४८ सालीं आलें. सरोजिनी बाबरांनीं तर सारें आयुष्य लोकसाहित्यासाठीं वेंचलें. आणि गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनीं पुण्यास राहून एक लाखाहून अधिक ओव्या खेड्याखेड्यांतून उतरवून घेतल्या, ज्या २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ प्रसिद्ध करीत आहे. या अफाट रानांत हिंडतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ओवींत दिवाळी आली कीं तिच्याबरोबर मुऱ्हाळी येतो. मुऱ्हाळी म्हणजे माहेरीं न्यावयास आलेलें माणूस, आणि तो भाऊच असावा अशी तिची इच्छा असते. ओवीची सारी रसवत्ता त्याच्या वाटेंत आहे: तो उंबऱ्यावरून दिसणारा रस्ता, त्याच्या बैलांचीं घुंगरें, त्यानें आणलेली चोळी, सासूची परवानगी मिळेल कीं नाहीं याची धास्ती. आणि माहेरीं पोंचल्यावर? पोंचल्यावर भावजयीचें तोंड. ओवींतला भाऊ हा बहुधा कुणाचा तरी नवरा असतो, आणि नवरा म्हणून तो ओवीला आवडत नाहीं. त्याची बायको आली म्हणजे माहेर आटलें, अशीच बहिणीची समजूत. एका स्त्रीचें दांपत्यसुख हें दुसऱ्या स्त्रीचें माहेर तोडून घडतें, ही गोष्ट या निरक्षर कवयित्रींनीं जितकी स्वच्छ सांगितली आहे तितकी आमच्या एकाही समाजशास्त्रज्ञानें सांगितली नसेल.

पण गाणारीचा स्वतःचा नवरा? तो ओवींत नाहीं असें नाहीं. कुंकवाच्या रूपानें आहे, हौशी भरताराच्या रूपानें आहे, क्वचित् रागीट धन्याच्या रूपानेंही आहे. सणाला मात्र तो नाहीं. दिवाळीच्या ओवींत त्याला जागाच उरत नाहीं, कारण त्या दिवाळीचा अर्थच मुळीं त्याच्या घरून चार दिवस सुटणें असा आहे. ही ओवीची उणीव नव्हे. ती ज्या जगांतून आली त्या जगाचा तो सरळ हिशेब आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षीं परक्या घरीं गेलेल्या मुलीला सण म्हणजे आई, आणि नवरा म्हणजे सासरचीं माणसें जितकीं होतीं त्यांतलें एक.

कुटुंबाच्या देखत दांपत्याला बोलतें करणारा एकच काव्यप्रकार मराठी स्त्रीनें घडविला, तो उखाणा. नवऱ्याचें नांव एरवीं तोंडावाटे काढावयाचें नाहीं. पण मंगळागौर, डोहाळजेवण, दिवाळसण अशा प्रसंगीं जमलेल्या बायका वाट अडवून बसतात आणि नांव घेतल्याशिवाय सोडीत नाहींत. मग दोन ओळींच्या यमकांत तें नांव गुंडाळून द्यावयाचें. टीकाकारांनीं उखाण्याकडे खेळ म्हणून पाहिलें आणि सोडून दिलें. वास्तविक सासर, माहेर आणि पति या तिघांच्या समोर एकदम उभें राहून बोलण्याची ही मराठींतील एकमेव सनदशीर जागा आहे. दुःख इतकेंच कीं ती जागा दोन ओळींची आहे. नांव उच्चारतांच कविता संपते. ज्याचें नांव घेतलें तो माणूस कसा आहे, हें सांगण्याची वेळ आली कीं बायका हंसून उठतात.

आतां बारामतीस जाऊं. मोरोपंत (१७२९–१७९४) यांचें बहुतेक आयुष्य येथें, कऱ्हेच्या कांठीं, बाबूजी नाईकांच्या आश्रयानें गेलें. आर्यांचा हा महापूर वाहविणारा पंडित कवि घरांतल्या बायकांना विसरला नाहीं. त्यांच्यासाठीं त्यानें सीता, सावित्री आणि रुक्मिणी यांचीं गीतें सोप्या वाणींत रचलीं. या तीन नायिकांची निवड विचार करण्यासारखी आहे. तिघींच्याही कथेंत माहेर मागें पडलेलें आहे. रुक्मिणीची कथा तर ओवीच्या उलट: तेथें भाऊ हा सोडविणारा नसून अडविणारा आहे, आणि प्रियकराच्या रथांत बसण्यासाठीं तिला भावाचें घर टाकून जावें लागतें. सीता पतीबरोबर वनांत जाते. पुढें पतीच तिला वनांत धाडतो. ओवींतल्या सीतेला त्या दुसऱ्या वनवासाचीच आठवण अधिक आहे. म्हणजे आमच्या परंपरागत कल्पनेनें स्त्रीच्या दोन अवस्था रंगविल्या. सणाला कुटुंब आहे आणि पति नाहीं, तें माहेर. पति आहे आणि कुटुंब नाहीं, तो वनवास. दोन्ही एका ताटावर आहेत अशी तिसरी अवस्था तिनें रंगविली नाहीं.

अपवाद सावित्रीचा आहे, आणि तो आम्ही विसरलों आहोंत. महाभारताच्या वनपर्वांत सावित्रीनें यमाजवळ मागितलेले वर क्रमानें पाहिले तर असें दिसतें कीं तिनें आधीं सासऱ्याचे डोळे मागितले, मग त्याचें राज्य, मग आपल्या बापाला पुत्र, मग स्वतःला पुत्र, आणि अखेरीस या साऱ्यांत गुंतवून नवऱ्याचा प्राण. दोन्ही घरें आणि सहचर यांचा एकाच बैठकींत, तोही यमासारख्या वकिलाशीं, तडजोडीनें निकाल लावणारी दुसरी नायिका आमच्याजवळ नाहीं. ज्येष्ठांतल्या वटपौर्णिमेनें तिच्या कथेंतून काय उचललें? फक्त नवऱ्याचें आयुष्य. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांपैकीं कितीजणींना ठाऊक असतें कीं सावित्री बापासाठींही भांडली होती? परंपरा कथा सांभाळते ती अशी, तिचा अर्धा भाग गाळून.

गद्याची कथा थोडक्यांत सांगतां येईल, कारण तिच्यांत नवें फार नाहीं. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मासिक मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला आणि दिवाळी हा वाचनाचाही सण झाला. ही मोठी गोष्ट होती. पण दिवाळी अंकांनीं दिवाळसण बहुधा विनोदी लेखकांच्या स्वाधीन केला. रुसलेला जांवई, त्याला मनविणारी सासू, अंगठीचें वजन, मेहुण्यांनीं केलेली फजिती! हें हंसें निष्पाप नाहीं. त्याच्या आड बापाचें कर्ज झाकलें जातें. १९६१ च्या कायद्यानें हुंडा हा गुन्हा ठरला, पण दिवाळसणाची भेट ‘हौस’ या नांवाखालीं चालू राहिली. आणि हौसेवर टीका करणारा मनुष्य आमच्याकडे अरसिक ठरतो. एक बायको आपल्या नवऱ्याला आपल्या बापाकडून कांहींतरी उकळतांना पाहते आहे, या क्षणांत विनोद किती आणि लज्जा किती, याचा तपास विनोदी लेखकानें करावयाचा नसतो हें मान्य. पण मग तो दुसऱ्या कोणीं तरी करावयास हवा होता.

गंभीर कादंबरीनें काय केलें? हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्यें यमूचें खरें सुख मुंबईच्या बिऱ्हाडांत आहे. तेथें ती आणि रघुनाथराव एकमेकांशीं बोलतात, वाचतात, हंसतात. म्हणजे दांपत्य फुलावयाचें तर दोन्ही घरांपासून दूर पळावें लागतें, आणि घरीं परत आल्यावर मरण वाट पाहत असतें. हरिभाऊंचें चित्र खोटें नाहीं. पण त्यांच्या मागून आलेल्या लेखकांनीं त्याचा नियम करून टाकला, आणि प्रेमाला स्वतंत्र बिऱ्हाड हवेंच अशी मराठी कादंबरीची खूणगांठ बसली. या नियमास न जुमानणारें एक पुस्तक मला आठवतें, तें लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’. तेथें नवरा, सासरा, सोंवळ्यानें पछाडलेला बाप, नणंदा-जावा सर्व एकाच चुलीभोंवतीं आहेत, आणि त्या गर्दींत टिळक व लक्ष्मीबाई यांचें भांडण आणि प्रेम दोन्ही जिवंत राहतात. १८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाले आणि पंक्ति मोडली. तरी माणसें एकमेकांस सोडीनात. भरल्या घरांत नवराबायको दाखविण्याची विद्या मराठींत कोणास साधली असेल तर ती या बाईंस, जिनें कादंबरी लिहिण्याची प्रतिज्ञा केली नव्हती.

यानंतर जें घडलें तें वाङ्मयाच्या बाहेर घडलें. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली, आणि पुढच्या कांहीं वर्षांत ती खेडोपाडीं पोंचली. गांवांत पिठाची गिरणी आली. या दोन यंत्रांनीं ओवीचें काय केलें याचा विचार व्हावयास हवा. गिरणीनें तिचें वाद्य नेलें, आणि एस. टी. नें तिचें कथानक नेलें. मुऱ्हाळ्याची गरजच उरली नाहीं. सून आपली पिशवी घेऊन स्थानकावर उभी राहूं लागली, आणि पुष्कळदां नवराच तिला पोंचवावयास जाऊं लागला. गेला म्हणजे राहूं लागला. थोडक्यांत, नवराबायको सणाला जोडीनें माहेरीं येण्याची रीत जेव्हां सर्रास पडूं लागली, नेमक्या त्याच वेळीं सण गाणारा काव्यप्रकार मुका झाला. नव्या रीतीला गाणें मिळालें नाहीं. तिला मिळाल्या त्या सोनारांच्या आणि कापडवाल्यांच्या जाहिराती, ज्यांत सासू, सून, जांवई सर्वच इतके प्रसन्न असतात कीं त्यांना एकमेकांशीं बोलण्याचें कारणच दिसत नाहीं.

इंदापुराकडे तर माहेर या शब्दाचा भूगोलच बदलला. भीमेवरचें उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेव हें त्यांतलें एक. तेथील पळसनाथाचें जुनें देऊळ जलाशयाचें पाणी फार उतरलें म्हणजे वर दिसूं लागतें, आणि लोक तें पाहावयास जातात. ज्या लेकी धरणापूर्वीं सासरीं गेल्या, त्यांना माहेर म्हणून जें मिळालें तें वर सरकलेलें, नव्यानें वसविलेलें गांव. भाऊ तोच, आई तीच. वाट मात्र निराळी, आणि तो उंबरा पाण्यांत. ओवींतल्या माहेराचा अर्धा प्राण वाटेंत, पाणवठ्यांत, झाडांत असतो. तें सारें गेल्यावर राहिलें तें माणसांचें माहेर. अशा माहेरीं नवऱ्याला घेऊन जाणारी स्त्री त्याला काय दाखवीत असेल? ‘येथें आमचें घर होतें’ असें म्हणून बोट करावयाचें तें पाण्याकडे. या एका हातवाऱ्यावर एक उत्तम कथा उभी राहूं शकेल.

आणि याच मुलखांत, याच दिवसांत, दुसरींही नवराबायकोचीं जोडपीं येतात. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेंमागें लागतो, आणि बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडणीचीं माणसें गाड्यांत भरून येऊं लागतात. त्यांचा हिशेब माणसांत होत नाहीं. तो कोयत्यांत होतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची ती या कोयत्यावर. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. आमच्या कवींनीं शतकानुशतकें अर्धांगी या शब्दावर अलंकार चढविले; तो शब्द अक्षरशः खरा केला तो मुकादमाच्या वहीनें. तो ऊस तोडतो, ती पाचट झाडते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. म्हातारीं माणसें गांवीं राहतात, मुलें कधीं त्यांच्याजवळ, कधीं कोपीशेजारच्या चिखलांत. एकदां गव्हाणींत मोळी पडली कीं कारखाना सणासाठीं थांबत नाहीं. उसाच्या बागाइतांतल्या एखाद्या बंगल्यांत दिवाळसणाचा जांवई पाटावर बसलेला असतो, आणि बांधापलीकडे हा कोयता पहांटे चार वाजतां फडांत उतरलेला असतो. पाडव्याच्या दिवशीं सहचर जवळ असणें हेंच जर भाग्य, तर तें भाग्य या बाईला मिळालें आहे. तिला विचारलें तर ती सण कशाला म्हणेल? मला वाटतें, ती हंगाम संपून गांवीं परत जाण्यालाच सण म्हणेल.

ऊसतोडणीवर आमच्याकडे कथा आहेत, आत्मकथनें आहेत; त्यांत शोषणाचें चित्र तळमळीनें काढलेलें आहे, आणि तें काढणाऱ्यांचे उपकार आहेत. पण तेथेंही नवराबायको म्हणजे मजुरीचें एकक राहिलें. त्या कोपींत त्यांचें एकमेकांशीं काय नातें आहे, सासूच्या नजरेआड आल्यामुळें कांहीं मोकळें झालें कीं थकव्यानें तेंही मेलें, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. सीता-रामांच्या वनवासांतल्या पर्णकुटीवर इतकें रसाळ लिहिणारी भाषा उसाच्या फडांतल्या कोपीपाशीं येऊन एकाएकीं अहवालाची भाषा कां बोलूं लागते, याचें उत्तर आम्हां मध्यमवर्गीय वाचकांच्या रुचींत शोधावें लागेल. दारिद्र्य आणि शृंगार एका पानावर आलेले आम्हांला सोसत नाहींत.

आजच्या सुशिक्षित घराचा पेंच याहून सौम्य आहे, पण खोटा नाहीं. दोघेही नोकरी करणारे, रजा चार दिवसांची, आणि घरें दोन. लक्ष्मीपूजन कोणाकडे? पाडवा कोणाकडे? भाऊबिजेला तिला जावयाचें तर त्याचीही बहीण त्याच दिवशीं त्याच्याकडे येणार. बारामतीच्या मुलीनें नागपूरचा किंवा बंगलोरचा मुलगा केला तर हा हिशेब आगगाडीच्या वेळापत्रकावर जातो. जातीबाहेरचा केला तर कधीं कधीं वेळापत्रकाची गरजच पडत नाहीं, कारण एका घराचें दार बंद असतें. जिला भाऊ नाहीं, आणि म्हातारे आईबाप मात्र आहेत, तिनें त्यांची दिवाळी ‘सासरच्या रीती’साठीं दरवर्षीं अंधारांत ठेवावी काय? हे प्रश्न घरोघरच्या माजघरांत दबलेल्या आवाजांत, क्वचित् चढलेल्या आवाजांत, विचारले जात आहेत. त्यांवर लिहिलें जातें तें बहुधा सल्ल्याच्या सदरांत. आणि सल्ला देणाऱ्याला घाई असते.

ज्या लेखकाला हा विषय घ्यावयाचा असेल त्यानें, माझ्या मतें, पाडव्याची पहांट घ्यावी, आणि ती मुलीच्या आईबापांच्या घरांतली घ्यावी. तेथें जांवयाच्या अंगाला तेल लावणारी सासू असावी, जिनें स्वतःच्या नवऱ्याला स्वतःच्या माहेरीं एकदांच, पहिल्या वर्षीं, ओवाळलें होतें. अंगठी कोणत्या पेढीवरून उधार आणली हें बापाला आणि मुलीला ठाऊक असावें, जांवयाला ठाऊक नसावें, किंवा ठाऊक असूनही त्यानें बोट पुढें करावें. मुलगी निरांजन घेऊन पुढें येईल तेव्हां बायका नांव घ्यावयास सांगतील. ती नांव घेईल. तिसरी ओळ तिनें काय म्हणावी, हें त्या लेखकानें ठरवावयाचें आहे.